झिजण्यासाठीच घडवलेला भाग : सातपुड्यातील जुनी व्हॅन आणि तिच्या बुशचा इतिहास

थ्रेड 🧵

१. नंदुरबारहून तळोदा, धडगाव किंवा मोलगीच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या प्रवासी व्हॅन तुम्ही पाहिल्या असतील. अशा व्हॅनच्या मागच्या पाट्यांच्या टोकांत, मुठीत मावेल एवढी रबराची एक नळी बसवलेली असते. गॅरेजात तिला 'बुश' म्हणतात. बुश झिजतो, बदलला जातो आणि विसरला जातो. इतिहासग्रंथांत त्याला स्थान नाही. तरीही चाकाला बसणारा धक्का आणि होणारी झीज माणसाने कोणावर सोपवली, हा चारशे वर्षांचा प्रवास या नळीच्या आधाराने नीट समजतो.

२. आरंभ मोगलकाळापासून करू. सुरत बंदर आणि बुऱ्हाणपूर यांना जोडणारा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारच्या मुलखातून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ साली याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची नोंद करून ठेवली आहे. कापड, नीळ, धान्य, तोफा, माणसे अशी सारी वाहतूक बैलांच्या पाठीवरून किंवा बैलगाडीतून होत असे.

३. ही वाहतूक किती मोलाची होती, हे दुष्काळात कळले. १६३० साली पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी या भागातून गेला, तेव्हा गुजरात-खानदेशावर भीषण दुष्काळाची छाया होती. वाटेवरच्या प्रेतांची त्याने केलेली वर्णने आजही वाचवत नाहीत. एका प्रांतातले धान्य दुसऱ्या प्रांतात पोहोचायचे, ते बैलाच्या चालीने. चाक जेवढे चालेल तेवढेच अन्न पोहोचणार, असा तो काळ होता.

४. आता त्या गाडीचे चाक पाहू. मध्ये लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लोखंडी धाव. गाडीला स्प्रिंग नसे, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट मालाला आणि माणसाला बसे. आस तुंब्यात घासत राही. लाकूड खाल्ले जाऊ नये म्हणून तुंब्याच्या आत लोखंडी कडे बसवीत आणि वरचेवर वंगण घालीत. झिजायचे असेल तर कड्याने झिजावे, चाक वाचावे, हा त्यामागचा विचार. आजच्या बुशचे हे पूर्वज म्हणता येईल.

५. धक्का सोसण्याची सोय पुढे आली. १८०४ साली लंडनच्या ओबाडाया एलियट याने घोडागाडीसाठी पोलादी पट्ट्यांच्या लंबवर्तुळाकार स्प्रिंगचे पेटंट घेतले. एकावर एक रचलेल्या पट्ट्या वाकतात आणि धक्का गिळतात, हे तत्त्व पुढे मोटारीने उचलले. आपल्याकडच्या गॅरेजांत या स्प्रिंगला 'पाटा' म्हणतात. ट्रक, जीप, टेम्पो आणि व्हॅन यांच्या मागच्या आसावर हा पाटा आजही दिसतो.

६. पण पाट्याने एक नवा प्रश्न निर्माण केला. भार पडला की कमानदार पाटा सपाट होतो आणि त्याची लांबी वाढते. म्हणून त्याचे पुढचे टोक चासीला पक्के जोडतात आणि मागचे टोक 'शॅकल' नावाच्या हलत्या दुव्यावर टांगतात. दोन्ही टोके बोल्टभोवती सतत फिरतात. लोखंडावर लोखंड घासले की दोन्ही झिजतात. सुरुवातीच्या मोटारींत अशा प्रत्येक सांध्याला वरचेवर ग्रीस भरावे लागे. एखादा सांधा राहून गेला, तर कुरकुर सुरू झालीच.

७. उत्तर रबराकडून आले. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. गंधकासह तापवले की ते टिकाऊ होते, हे अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने शोधले आणि १८४४ साली पेटंट घेतले. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराचे सुमारे ७०,००० बी लंडनच्या क्यू उद्यानात नेले. तिथली रोपे श्रीलंकेला व आग्नेय आशियात गेली. केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे १९०२ साली व्यापारी मळा उभा राहिला.

८. दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटारींत रबरी बुश रुळले. त्यांची युक्ती साधी, पण विलक्षण आहे. आतील लोखंडी नळी बोल्टने घट्ट आवळलेली, बाहेरचा भाग पाट्याच्या कडीत घट्ट बसलेला आणि मधले रबर पिळवटणारे. इथे काही घसरत नाही, फक्त रबराला पीळ पडतो व उलगडतो. म्हणून ग्रीसची गरज उरली नाही. मात्र रबर उष्णतेने, तेलाने आणि वयाने थकते.

९. आता महाराष्ट्रात येऊ. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. तंत्रज्ञान होते जर्मनीतील हॅम्बुर्गच्या 'विडाल आणि पुत्र' यांच्या टेम्पो कारखान्याचे. तीनचाकी गाडीनंतर पुण्याजवळच्या आकुर्डीत मॅटाडोर व्हॅन तयार होऊ लागली. जर्मनीत टेम्पो हे नाव पुढे बाजारातून नाहीसे झाले. मराठीत मात्र ते सामान्यनाम झाले. घर बदलताना आपण आजही 'टेम्पो' बोलावतो.

१०. १९८० च्या दशकात याच कंपनीने मर्सिडीजचे डिझेल इंजिन घेतले आणि मर्सिडीजच्या 'टी-१' व्हॅनच्या धर्तीवर ट्रॅव्हलर आणली. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. युरोपात 'टी-१' कधीच इतिहासजमा झाली. आपल्याकडे तिचा वंश शाळेच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि वऱ्हाडाच्या गाड्या म्हणून धावत राहिला. मागे पाटा, पाट्याच्या टोकाला बुश, ही रचनाही टिकली.

११. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील अनेक पाड्यांवर आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून चांदसैली घाट बंद पडला. तेव्हा एका पतीने आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन वाट तुडवली, पण तिचे प्राण वाचले नाहीत. इथे झोळी जिथे संपते, तिथे जुनी जीप किंवा व्हॅन सुरू होते. तिचा प्रत्येक सांधा कोणाच्या तरी जिवाशी जोडलेला आहे.

१२. म्हणून झिजलेला बुश ही किरकोळ बाब नव्हे. पाटा धक्का सोसतो आणि मागचा आसही जागेवर धरून ठेवतो. एका बाजूचा पुढचा बुश ढिला झाला की आस किंचित तिरका होतो. मग खड्ड्यात 'खट्' असा आवाज येतो, वळणावर गाडी मागून फेकते, टायर एका कडेने खातो. सपाट रस्त्यावर हे खपून जाते. घाटात, टपावर सामान आणि आत भरगच्च प्रवासी असताना, ते महागात पडते.

१३. बुश बदलण्याची रीत अशी. पुढच्या चाकांना ओट लावायची, चासी उचलून भक्कम स्टँडवर टेकवायची आणि आसाखाली वेगळा जॅक द्यायचा, म्हणजे पाट्यावरचा ताण हाताळता येतो. बोल्ट व शॅकल काढून जुना बुश दाबून बाहेर काढायचा. तो जाळून काढण्याची सवय वाईट; धूर विषारी असतो. कडीतला गंज घासून, साबणाचे पाणी लावून नवा बुश व्हाइसमध्ये दाबायचा. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलावेत.

१४. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त चुकणारी. बोल्ट आधी हलकेच लावायचे. गाडी खाली उतरवून चाकांवर पूर्ण भार आला की मगच ते आवळायचे. गाडी हवेत लटकत असताना बोल्ट आवळले, तर रबर त्याच स्थितीत पकडले जाते. गाडी खाली येताच त्याला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. आठव्या मुद्द्यातील रबराची युक्ती ज्याला समजली, त्याला हा नियम सांगावा लागत नाही.

१५. तुंब्यातील लोखंडी कडे आणि पाट्यातील रबरी बुश यांच्यामागे एकच विचार आहे : झीज टळत नाही, पण ती कुठे व्हावी हे माणूस ठरवू शकतो. स्वस्त आणि बदलता येणारा भाग झिजू द्यावा, म्हणजे महाग भाग आणि माणूस वाचतो. हा करार तेव्हाच टिकतो, जेव्हा झिजलेला भाग कोणीतरी वेळेवर बदलतो. यंत्रांचा इतिहास शोधांच्या तारखांतून वाचला जातो. गाड्या मात्र दुरुस्तीमुळे चालत राहतात.

१६. इतिहासाची आवड असेल, तर जुन्या गॅरेजात आणि गाड्या घडवणाऱ्या सुताराकडे एकदा वही घेऊन जा. तुंबा, धाव, पाटा, शॅकल, बुश या शब्दांत लंडन, हॅम्बुर्ग, ब्राझील आणि खानदेश एकत्र नांदत आहेत. हे शब्द वापरणारे हात थकत चालले आहेत. त्यांनी सांगितलेले आजच लिहून ठेवा.

(समाप्त)