दोन शाळा, एक ‘पालक’

ईमेलच्या पत्त्यात ‘@’ आणला रे टॉमलिन्सनने, १९७१ साली. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचं ठिकाण. आज सांगतो, उजवी बाजू विसरलेल्या एका सॉफ्टवेअरची गोष्ट. आणि त्यात माझी झालेली फजिती.

पहिली नोकरी छोट्या होस्टिंग कंपनीत. एकाच मेल सर्व्हरवर दोन शाळांची डोमेन. पहिल्या शाळेची ‘पालक’ नावाची मेलिंग लिस्ट चालू होती, दुसरीलाही तेच नाव हवं होतं. कमांड मारली तर उत्तर आलं, ही लिस्ट आधीच आहे. म्हटलं, अरे, डोमेन वेगळंय ना!

सॉफ्टवेअर होतं मेलमॅन २.१. याची जन्मकथा भारी आहे. नव्वदच्या दशकात जॉन व्हिएगाने ते डेव्ह मॅथ्यूज बँडच्या चाहत्यांच्या लिस्टसाठी लिहिलं. पुढे केन मॅनहायमर, बॅरी वॉर्सॉ या पायथनवाल्यांनी ते हातात घेतलं. त्यांच्या याद्या तोवर मेजरडोमोवर चालायच्या, आणि ते होतं पर्लमध्ये! म्हणजे हलवायाने पेढे शेजारच्या दुकानातून आणायचे.

त्या काळी हिशेब साधा. एक संस्था, एक सर्व्हर, एक डोमेन. म्हणून मेलमॅन प्रत्येक लिस्टची माहिती तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि नाव म्हणजे फक्त डावीकडचा भाग. एका जागी एकाच नावाची दोन फोल्डर कशी होणार? सेंडमेलच्या जमान्यापासून चालत आलेली एलियस फाइलही तशीच. नाव बघते, डोमेन विचारत नाही.

मी ‘पालक२’ काढून मोकळा झालो. दुसऱ्या शाळेच्या ट्रस्टींचा फोन आला, “आम्ही काय दोन नंबरचे?” ते हसण्यावारी नेलं. पण एका आईने सवयीने ‘२’ न लावता पत्र पाठवलं. मुलीच्या आजारपणाचं, औषधांच्या नावांसकट. सर्व्हरने डोमेनकडे पाहिलंच नाही. पत्र पहिल्या शाळेच्या लिस्टवर. नशीब एवढंच, की त्या सदस्य नसल्यामुळे ते मंजुरीसाठी अडकलं. तरी तिथल्या क्लार्कने ते वाचलं होतंच.

सीपॅनेलने याच्यावर तोडगा म्हणून आत लिस्टच्या नावाला डोमेनच चिकटवलं. काही जण दर डोमेनला वेगळा मेलमॅन बसवायचे. खरं तर उपाय कागदावर कधीचा होता. मार्च २००१ मधल्या आरएफसी २९१९ ने प्रत्येक लिस्टला ‘लिस्ट-आयडी’ दिला, नावाला टिंब देऊन पुढे डोमेन. मेलमॅन ३ ने तोच ओळखीसाठी धरला आणि एकाच सर्व्हरवर दोन ‘पालक’ सुखाने राहू लागले. ती आवृत्ती आली एप्रिल २०१५ मध्ये. पण बिनतक्रार चालणारा सर्व्हर कोण हलवतो? जुना मेलमॅन पायथन २ वर होता. १ जानेवारी २०२० ला त्या पायथनचाच आधार संपला, तरी कित्येक ठिकाणी तो चालूच राहिला.

आम्हीही हलवला नाही. त्या रात्री मी पोस्टफिक्सच्या व्हर्च्युअल टेबलमध्ये दुसऱ्या शाळेचा पूर्ण पत्ता टाकला आणि तो ‘पालक२’कडे वळवला. पत्रं बरोबर घरी जाऊ लागली. त्या आईंना फोन मीच केला. त्यांनी एकच विचारलं, “वाचलं कोणी?”

मी हो म्हणालो.