परकीय वकील आणि लोकसत्ताक राज्य : झेने प्रकरण

परराज्याच्या वकिलानें दरबारांतील एक पक्ष हाताशीं धरून कारभारास आपल्या सोयीचें वळण लावावें, हा प्रकार मराठी कागदपत्रें चाळणारांस नवा नाहीं. परंतु जेथें लोकमत हेंच सत्तेचें मूळ, तेथें असा डाव मोडतांना काय सांभाळावें लागतें, हें अमेरिकेंतील एका प्रकरणावरून चांगलें कळून येतें.

ता. १ फेब्रुवारी १७९३ रोजीं फ्रान्सनें इंग्लंडशीं युद्ध पुकारलें. त्याचा वकील एदमों-शार्ल झेने हा ता. ८ एप्रिल रोजीं चार्ल्सटन बंदरीं उतरला आणि अध्यक्ष वॉशिंग्टनची भेट घेण्यापूर्वींच इंग्रजी जहाजें धरण्याच्या सनदा वांटूं लागला. ता. २२ एप्रिल रोजीं वॉशिंग्टननें तटस्थतेचा जाहीरनामा काढला. पुढें, अध्यक्षास डावलून जनतेकडेच दाद मागूं, अशी भाषा झेनेनें केल्याचें प्रसिद्ध झालें.

सरकारनें त्याच्या वर्तनाचे पुरावे देऊन त्यास परत बोलाविण्याची मागणी फ्रान्सकडे केली. फ्रेंच सनदेच्या जहाजावर चाकरी पत्करणाऱ्या गिडियन हेनफील्डवर खटला झाला. ज्यूरीनें त्यास निर्दोष सोडलें. तेव्हां ता. ५ जून १७९४ रोजीं काँग्रेसनें रीतसर कायदा केला. त्यानें परकीय सत्तेसाठीं माणसें भरती करणें व जहाजें सज्ज करणें हा गुन्हा ठरला. फ्रान्सची स्तुति करण्यास मात्र बंदी झाली नाहीं. नवा फ्रेंच वकील झेनेच्या अटकेचा हुकूम घेऊन आला, तरी वॉशिंग्टननें त्यास स्वाधीन केलें नाहीं. झेने १८३४ सालीं अमेरिकेंतच वारला.

१७९८ सालीं फ्रान्सशीं बिघाड झाला, तेव्हां मात्र हा विवेक सुटला. ता. १४ जुलैच्या राजद्रोहाच्या कायद्यानें सरकारविरुद्ध खोटें व बदनामीकारक लिहिणारास दोन हजार डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद ठरविली. परकीय हस्तकांऐवजीं विरोधी पक्षाचे संपादकच त्यांत सांपडले. व्हरमाँटचा प्रतिनिधि मॅथ्यू लायन तुरुंगांत असतांना मतदारांनीं त्यास पुन्हां निवडून दिलें. १८०१ सालीं कायद्याची मुदत संपली आणि नवा अध्यक्ष जेफर्सन यानें त्याखालीं शिक्षा झालेल्यांस माफी दिली. उलट १७९४ चा कायदा १८०० सालींच कायम करण्यांत आला होता.

दोन्ही वेळां धास्ती फ्रान्सचीच होती. पहिल्या वेळीं वकिलाच्या कृत्यास आळा घातला, दुसऱ्या वेळीं स्वतःच्या नागरिकांच्या मतास. यांपैकीं कोणता उपाय लोकसत्तेस मानवला, हें वरील तारखांवरून वाचकांच्या ध्यानांत येईलच.