कुकडीच्या संवर्धनात गाव व शासन दोघांचा वाटा

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडी परिसरातून वाहणारी कुकडी नदी नाणेघाटाजवळील कुकडेश्वर परिसरात उगम पावते व पुढे घोड नदीला मिळते. निघोज व टाकळी हाजी या गावांदरम्यान तिच्या पात्रातील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्ट खडक घासला जाऊन ते तयार झाले.

माणिकडोह व येडगाव धरणांमुळे पावसाळ्यानंतरचा प्रवाह मुख्यतः जलसंपदा विभागाच्या आवर्तनांवर अवलंबून असतो. प्रदूषण करणाऱ्यांवर कारवाईचे अधिकार १९७४ च्या जल कायद्यानुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहेत. गावातील सांडपाणी व कचऱ्याची व्यवस्था मात्र ग्रामपंचायतीकडे असते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, परिसरातील वनस्पती व प्राण्यांची लोकसहभागातून नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. नद्यांविषयी लोकजागृतीसाठी राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘चला जाणूया नदीला’ अभियान सुरू केले.

धरणाचे पाणी सोडणे गावाच्या हाती नाही आणि गावोगावची गटारे मंत्रालयातून रोखता येत नाहीत. त्यामुळे यांपैकी एकानेही हात आखडता घेतल्यास दुसऱ्याचे प्रयत्न अपुरे पडतात.