चौथाई, तहकुबी आणि अभय

मालमत्ता कराच्या बिलावर ‘शास्ती’ असा एक शब्द असतो. मुदतीत पैसे भरले नाहीत तर दरमहा २ टक्के. जन्मभर मराठी शिकवल्यामुळे माझी नजर आकड्याच्या आधी शब्दावर जाते. ‘शास्’ म्हणजे ताब्यात ठेवणे, दंड करणे आणि शिकवणेसुद्धा. शासन, शास्त्र, शिष्य हे सगळे त्याच धातूचे. (म्हणजे दंड लावणारे सरकार आणि छडी उगारणारे मास्तर एकाच घरातले की हो!)

आपल्या आज्या-पणज्यांना मात्र धाक होता तो ‘चौथाई’चा. मराठेशाहीतल्या चौथाईशी गल्लत करू नका. इंग्रजी अमलात सारा थकला की थकलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत जो दंड बसे, ती ही चौथाई. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने तो अधिकार कलेक्टरला दिला होता. तेवढ्याने भागले नाही तर जप्ती. आधी भांडीकुंडी, गुरे, आणि शेवटी जमीनच सरकारजमा.

त्याच व्यवस्थेत सवलतही होती. ‘तहकुबी’ म्हणजे वसुली पुढे ढकलणे आणि ‘सूट’ म्हणजे माफी. ती मिळे आणेवारीवर. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. चार आणे किंवा त्याहून कमी पिकले तर त्या वर्षाची वसुली तहकूब. ऐकायला अगदी न्याय्य! पण पीक किती आणे आले हे ठरवणार कोण, तर मामलेदार. म्हणजे ज्याच्यावर वसुलीची जबाबदारी, त्यानेच पीक बुडाले की नाही हे सांगायचे. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

१८९६ साली पाऊस दगा देऊन गेला. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे लोक गावोगाव हिंडू लागले, आपल्या ठाणे जिल्ह्यातही आले. टिळकांनी ‘केसरी’तून दुष्काळ संहिता, म्हणजे सरकारचेच नियम, रयतेला सोप्या मराठीत समजावून दिले. सवलत ही मेहेरबानी नसून कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे. ज्याच्याकडे खरोखर नाही त्याने गुरेढोरे विकून सारा भरू नये, असा त्याचा मथितार्थ. सरकारला हे कसे रुचावे? उंबरगाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते (१९६० पासून गुजरातेत). तिथे सभेच्या कार्यकर्त्यांवर खटला झाला आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. कोपर तेव्हा खाडीकाठचे, भातशेतीचे गाव. सभेची माणसे इथवर पोचली असतील का, असे खाडीकडे फिरायला गेलो की मनात येते.

१९१८ मध्ये खेड्याला, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, भांडण आणेवारीचेच होते. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकार म्हणे, जास्त आहे. चौथाई लागली, जप्त्या झाल्या. शेवटी ऐपत असलेल्यांनी भरावे आणि गरिबांना तहकुबी मिळावी असे ठरले. तरी गांधीजी समाधानी नव्हते, कारण गरीब कोण हे ठरवण्याचा हक्क लोकांच्या हाती आलाच नाही.

दुकानदारांची गत काही वेगळी नव्हती. १८८६ च्या प्राप्तिकर कायद्यात वर्षाला ५०० रुपयांच्या वर उत्पन्न असले की कर. आकारणी कलेक्टरच्या हाताखाली आणि तक्रारही कलेक्टरकडेच! स्वतंत्र अपील न्यायाधिकरण यायला १९४१ साल उजाडले. पुढे १९८४ मध्ये ४० लाखांवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घेणे सक्तीचे झाले. ऑडिटचा लोकांना जाच वाटतो, पण मला ते आणेवारीपेक्षा बरे वाटते. निदान वहीतला आकडा दोघांनाही दिसतो.

आता ‘अभय योजना’. राज्याच्या २०२३ च्या योजनेत जीएसटीपूर्व करांची २ लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली आणि ५० लाखांपर्यंत थकबाकी असलेल्यांना २० टक्के भरून सुटका मिळाली. जुने वाद निकाली निघाले, लहान व्यापाऱ्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरले, हे खरेच. पण तहकुबी देताना निदान ‘पिकले किती’ एवढे तरी विचारत. अभय देताना फक्त ‘थकले किती’ एवढेच विचारतात. ज्याचा धंदा बुडाला तो आणि ज्याने ऐपत असून भरले नाही तो, दोघे एकाच रांगेत.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदारांनी एका वाईट वर्षी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून कर वेळेवर भरला होता. योजनेची बातमी आली तेव्हा ते मला म्हणाले, “मास्तर, आमच्यासाठी काय हो आहे यात?” काही नाही, असेच सांगावे लागले.

जकात नाक्यांच्या गमतीजमती पुढे कधीतरी.