खिशातले बिऱ्हाड

मी पेडण्याचा, नोकरी डिचोलीत. २००६ साली घरी संगणक नव्हता, म्हणून परतीची बस पकडण्याआधी डिचोलीच्या एका सायबर कॅफेत बसायचो. एकदा घाईत मेल बंद करायची राहिली. माझ्यानंतर बसलेल्याने आमच्या जमिनीच्या वादाची पत्रे वाचली आणि आठवड्यात ती गोष्ट भावकीपर्यंत पोचली. (गावाला वर्तमानपत्र हवे कशाला?)

मग मित्राने पेनड्राइव्हवर फायरफॉक्स घालून दिला. जॉन हॅलर यांनी २००४ साली त्याला असे फिरते रूप दिले होते. संगणकावर काही बसवायचे नाही. पाहिलेल्या पानांची यादी, पासवर्ड, सगळे पेनड्राइव्हवर. तो काढला की बिऱ्हाड खिशात.

फिरत्या बिऱ्हाडाचे आम्हा गोंयकारांना नवल नसावे. पोर्तुगीज अमदानीत मजकूर छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावा लागे. तेव्हा, १९५५च्या नोव्हेंबरात, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सहकाऱ्यांसह सीमेपलीकडे आंबोलीच्या रानातून गोवामुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले. प्रक्षेपक ट्रकमध्ये होता. पुढे केंद्र कॅसलरॉकला हलले आणि १९६१पर्यंत बोलत राहिले.

पण त्यांचे यंत्रही त्यांचेच होते. माझा फक्त पेनड्राइव्ह. कळफलक कॅफेवाल्याचा, तारही त्याचीच. दाबलेली प्रत्येक कळ टिपणारे सॉफ्टवेअर आत असले तर पेनड्राइव्ह काय करणार? शिवाय २०११च्या केंद्रीय नियमांनी ग्राहकाची ओळख आणि पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद वर्षभर जपणे कॅफेवाल्यावर बंधनकारक केले.

बँकेचा पासवर्ड मात्र मी तिथे कधीच टंकला नाही.