मधमाशी चावली अन् अंगावर गांधी उठल्या. गोळी कधी पुरते, दवाखाना कधी गाठायचा?

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली की त्या जागी आग, सूज अन् खाज होतेच. बहुतेकांची ती काही दिवसांत उतरते. पण काहींच्या सगळ्या अंगावर गांधी उठतात, ओठ आणि डोळे सुजतात. गावाकडं याला 'पित्त उठलं' म्हणतात. पोटातल्या पित्ताशी याचा संबंध नाही. ही अ‍ॅलर्जी आहे अन् तिच्यामागं हिस्टामाइन नावाचा पदार्थ असतो.

हिस्टामाइन काय करतं?
हा पदार्थ आपल्याच शरीरात तयार होतो. कातडी, नाक, फुप्फुस, आतडी इथल्या मास्ट पेशींत तो साठवलेला असतो. पहिल्यांदा माशी चावल्यावर काहींच्या शरीरात त्या विषाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात व या पेशींवर बसून राहतात. पुढं पुन्हा माशी चावली की पेशींतून हिस्टामाइन एकदम बाहेर पडतं. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातलं पाणी झिरपून सूज येते, खाज सुटते. म्हणून 'मागं चावली तेव्हा काही झालं नव्हतं' या भरवशावर राहू नये.

गोळीचं काम किती?
सेट्रिझिन, सीपीएम या गोळ्या हिस्टामाइन जिथं काम करतं ती जागा अडवतात. खाज व गांधी कमी होतात, पण त्याला वेळ लागतो. सीपीएमनं झोप येते. ती घेऊन ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नये. लहान मुलं व गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच गोळी द्यावी.

हे दिसलं तर थांबू नका
दम लागणं, आवाज घोगरा होणं, जीभ सुजणं, चक्कर, शुद्ध हरपणं. गांधींसोबत वारंवार उलट्या होणं. यात हिस्टामाइनसोबत दुसरे पदार्थही सुटलेले असतात, रक्तदाब उतरतो. इथं गोळी पुरत नाही. मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं.

● लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा.
● माणसाला आडवं झोपवून पाय वर ठेवा, चालवू नका. दम लागत असेल तर टेकवून बसवा.
● मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल तर लगेच काढा.
● आमसूल, चुना लावत वेळ घालवू नका.
● बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, त्रास उलटू शकतो.

आग्या मोहोळ उठून एकाच वेळी खूप माशा चावल्या, तर अ‍ॅलर्जी नसली तरी विषानंच धोका होतो. अशा वेळीही थेट दवाखान्यातच न्यावं.