पिंपरीच्या मातीतलं औषध आणि ल्युकेमियातलं लिव्हर

२०२१ मध्ये ब्लॅक फंगससाठी अँफोटेरिसिनची इंजेक्शनं शोधणारे मेसेज आठवतात? आजची गोष्ट त्याच औषधाच्या खानदानाची. त्यातला एक भिडू आपल्या पिंपरीचा आहे.

आधी लिव्हर. ब्लड कॅन्सरमध्ये, विशेषतः ल्युकेमियात, ते चारी बाजूंनी मार खातं. कॅन्सरच्या पेशी तिथे शिरतात. १९५३ पासून वापरात असलेली सिक्स-एमपी ही गोळी काही जणांत पित्ताचा प्रवाह अडवते, मग कावीळ. पण मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते बुरशीने.

होतं असं, की केमोने पांढऱ्या पेशी संपतात, आतड्याचं अस्तर सोलवटतं. एरवी पोटात निमूट राहणारी कॅन्डिडा बुरशी रक्तात उतरते. आतड्याकडून येणारं रक्त आधी लिव्हरमध्येच जातं, तिथे ती ठाण मांडते. आणि पेशी शून्यावर असताना फारसं काही कळतच नाही! काउंट वर येतो, घरचे पेढ्यांचा विचार करत असतात, तेव्हा ताप चढतो. उजव्या बरगडीखाली दुखतं. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे पित्तमार्गाची अडचण दाखवणारं एन्झाइम, वाढलेलं. नव्या पेशी बुरशीवर तुटून पडतात, म्हणून आता लक्षणं दिसतात. आमच्या भाषेत सांगायचं तर बग जुनाच, लॉगिंग आत्ता सुरू झालं.

आता पिंपरी. एचए कॉलनी सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं एचए म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ ची सरकारी कंपनी. पेनिसिलिन बनवायला काढलेली. तिथे डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी इथल्याच मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीवरचं औषध काढलं आणि १९६१ मध्ये जाहीर केलं. औषध हॅमायसिन, कंपनीच्या नावावरून. जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाच्या नावाचा जिवाणू! मेट्रो स्टेशनवर याची एक पाटी हवी होती, असं माझं मत.

हॅमायसिन हे अँफोटेरिसिनचं चुलत भावंड. तेही मातीतूनच आलं, १९५० च्या दशकात, व्हेनेझुएलाच्या. पण ही औषधं पोटातून घेतली तर रक्तात जवळजवळ उतरतच नाहीत. हॅमायसिन तोंडातल्या, त्वचेवरच्या बुरशीपुरतं राहिलं. लिव्हरपर्यंत पोचायचं तर शिरेतून जायला हवं. ते काम अँफोटेरिसिनने केलं, पण किडनीला मोठा त्रास देऊन. आधीच केमोने थकलेल्या पेशंटला हा सौदा महागात पडायचा.

तोडगा निघाला चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांत, लायपोसोममध्ये. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. बी. के. बच्छावत यांच्यासोबत, भारतीय लायपोसोमल अँफोटेरिसिन उभं केलं. १९९० च्या दशकात त्याच्या पेशंटवर चाचण्या झाल्या. यात खरी मजा लिव्हरची आहे. रक्तातले असले कण गिळणाऱ्या सफाई पेशी लिव्हर आणि प्लीहेत भरपूर असतात. त्या फुगे उचलतात, आणि औषध बुरशीच्या दारातच उतरतं. किडनीवरचा भारही कमी होतो.

आज सुरुवातीला बुरशीवरची दुसरी नवी औषधंही देतात. उपचार मात्र महिनोन्‌महिने चालतात, स्कॅनवरचे डाग विरेपर्यंत. आणि बुरशी आटोक्यात आली की त्या काळातही केमो बहुतेकदा पुढे चालू ठेवता येते.